सातव्या सामन्याचा लाल दिवा

तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं माणसं म्हणतात आणि मग कुठेतरी जाऊन तोंड लपवतात. मला ती सोय नाही. माझं लालभडक तोंड एका गुळगुळीत फळीवर बसवून, खाली पितळी पट्टी लावून, कॅनडात रेजिनाच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये टांगलेलं आहे. जिना उतरून येणाऱ्याला आधी मीच दिसतो. आइस हॉकीत गोल झाला की जाळीच्या मागे जो दिवा पेटतो, तो मी.

दिव्याला मराठी कशी येते, असं विचाराल. या बेसमेंटमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी होतात. शिवाय या घरच्या प्रमोदिनीताई मिरजेच्या बहिणीशी फोनवर बोलायला इथेच येऊन बसतात. दोन वर्षं एवढं कानावर पडलं तर खांबसुद्धा मराठी बोलू लागेल.

माझा जन्म ग्वेल्फच्या एका कारखान्यातला. माझी भावंडं बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांवर गेली, काही रुग्णवाहिकांवर गेली. उणे तीसमध्ये वारा खात ती लोकांच्या उपयोगी पडत असतील. मला मात्र छपराखालची नोकरी मिळाली. सामन्यात चार-पाच वेळा पेटायचं, हजारो लोकांनी माझ्याकडे बघून उड्या मारायच्या आणि पुन्हा विझून बसायचं. एवढ्याशा कामाला एवढा मान मिळाला की डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली होती.

मी स्वतःहून पेटत नसे. जाळीच्या मागे, काचेला लागून एक खुर्ची असते. तिथे बसणाऱ्याला गोल जज म्हणतात आणि माझं बटण त्याच्या हातात असतं. नियम एकच. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, लाल रेषेच्या पलीकडे पूर्ण गेली पाहिजे. केसभर जरी रेषेवर राहिली तरी गोल नाही, दिवा नाही. आणखी एक अलिखित नियम असा की त्या खुर्चीत बसणाऱ्यानं कुणाच्याही बाजूनं टाळी वाजवायची नाही.

त्या खुर्चीत अकरा वर्षं रविकांत देवस्थळी बसत होते. चौऱ्याहत्तर साली ते मिरजेहून रेजिनाला आले आणि वीज खात्यात इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. ऑफिसातल्या एका मित्रानं पहिल्याच विंटरमध्ये त्यांना रिंकवर नेलं होतं, तेव्हापासून हा खेळ त्यांना चिकटला तो चिकटलाच. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर परीक्षा दिली आणि ही खुर्ची मिळवली. निळा कोट, गुडघ्यांवर हात, मान ताठ. शेजारी कुणी कॉफी सांडली तरी नजर रेषेवरून हलायची नाही.

अकरा वर्षांत त्यांचा एकही दिवा चुकला नाही. एक म्हातारा रेफरी तर म्हणायचा, "रवीनं दिवा लावला की मला व्हिडिओ बघायची गरज नाही."

मराठी मंडळातही त्यांची हीच ख्याती होती. पिकनिकचं क्रिकेट असो की मोदकांची स्पर्धा, पंच म्हणजे रविकांतराव. पंचामुखी परमेश्वर म्हणतात, तो मंडळानं यांच्या मुखी कायमचा बसवून ठेवला होता. बारा वर्षांच्या पोटच्या पोरीला, ऊर्मीला, त्यांनी एकदा रन आउट दिलं होतं. ती आता कॅल्गरीत इंजिनियर आहे आणि अजूनही फोनवर म्हणते, "बाबा, आय वॉज इन."

"बॅट हवेत होती," रविकांतराव दुसरीकडे बघून सांगतात. विषय संपला.

आता त्या सीझनकडे येतो. टाळता येत असतं तर टाळलं असतं.

आमच्या गावाचा संघ प्रेअरी फॉक्सेस. छोट्या व्यावसायिक लीगमधला, मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचा. नऊ वर्षांत त्यानं प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरमध्ये सुरुवातही ठरल्याप्रमाणे झाली, म्हणजे पाच सामने आणि पाच पराभव. लोक दुसऱ्या सत्रातच पार्किंगकडे निघायचे.

डिसेंबरात काय झालं ते मला नीट ठाऊक नाही. मला फक्त माझ्या समोरचा बर्फ दिसतो. पण सात नंबरचा ब्रॅडी, तेहेतीस वर्षांचा, पुढचे दोन दात गेलेला कॅप्टन, एकाएकी माझ्या दिशेनं वेगळाच यायला लागला. पूर्वी जाळी दिसली की घाईनं मारायचा. आता एक क्षण थांबायचा, गोलकीपरला आधी पडू द्यायचा आणि मग मारायचा. नाताळापर्यंत मी इतका पेटलो की माझा बल्ब बदलावा लागला.

जानेवारीत थंडी उणे पस्तीसवर गेली आणि गाव उकळायला लागलं. मंडळातल्या चाळीस कुटुंबांना अचानक ऑफसाइड कळू लागला. या खेळाला जन्मभर 'काठ्यांची मारामारी' म्हणणाऱ्या प्रमोदिनीताई, म्हणजे रविकांतरावांच्या पत्नी, पोळ्या लाटताना रेडिओवर सामना ऐकू लागल्या. मंडळाचा अध्यक्ष मिलिंद हा नागपूरचा सॉफ्टवेअरवाला. त्यानं भारतातून केशरी फेटे मागवले, कारण फॉक्सेसचा रंग केशरी. लोक रविकांतरावांना विचारत, "काका, आपण जिंकणार ना?"

"मी कुणाचा नाही," ते म्हणायचे. घरीसुद्धा फॉक्सेसची टोपी घालत नसत.

पण मला वेगळं कळत होतं. बटण दाबण्याआधी अंगठ्याचं वजन त्यावर येतं आणि तारेतून ते मला जाणवतं. मार्चपासून फॉक्सेस हल्ल्याला आले की ते वजन लवकर यायला लागलं. समोरचा संघ आला की अंगठा बटणापासून दूर असायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मनात शिरलं होतं आणि मनातून हातात उतरत होतं. हे बाहेर कुणाला दिसत नव्हतं. मी सांगू शकत नव्हतो हे खरं, पण सांगता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मला ते वजन आवडायला लागलं होतं. मलाही जिंकायचं होतं.

मे महिन्यात अंतिम फेरी थंडर बेच्या संघाशी लागली. तीन सामने त्यांनी जिंकले, तीन आम्ही. सातवा आमच्याकडे, रविवारी दुपारी दोन वाजता. रविकांतरावांच्या खुर्चीमागे मिलिंदनं फेटे बांधून अख्खं मंडळ बसवलं होतं. रविकांतरावांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांची मान मला रोजच्यापेक्षा जास्त ताठ वाटली.

बरोबरी. ओव्हरटाइम, त्यातही कुणाचा गोल नाही. दुसरा ओव्हरटाइम लागला आणि फॉक्सेस पुन्हा माझ्या बाजूला मारायला आले. आता जो पहिला गोल करेल त्याचा कप. माझ्यासमोर थंडर बेचा गोलकीपर मार्क थेरियो होता. वय छत्तीस, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. हा त्याचा शेवटचा सामना आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी त्यानं एकूण साठ फटके अडवले होते.

आठव्या मिनिटाला ब्रॅडी डावीकडून सुटला. थांबला. थेरियो पडला नाही. ब्रॅडीनं काठी मागे नेली, मागचं सगळं मंडळ उभं राहिलं, आणि मी पेटलो.

पक अजून बर्फावर होता. जाळीपासून पाच-सहा फुटांवर. मी पेटलेला होतो आणि पक यायचा होता. अकरा वर्षं गिळलेल्या टाळ्या त्या अंगठ्यातून एकदम बाहेर पडल्या होत्या.

थेरियो आडवा सरकला आणि त्यानं पायाच्या पॅडखाली पक दाबला. बरोबर रेषेवर. मी वरून बघत होतो, पक रेषेवर होता. मग चार-पाच खेळाडू त्याच्या अंगावर कोसळले, तो ढीग मागे ढकलला गेला आणि ढिगाबरोबर पकही आत गेला. तोवर माझा लाल उजेड बघून लोक खाली उड्या मारत होते.

रेफरी पलीकडच्या कोपऱ्यात होता. त्याच्या आड माणसं होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात जाळीकडे केला. थेरियो उठून माझ्याकडे बोट दाखवत ओरडत होता, "आधी लागला! दिवा आधी लागला!" व्हिडिओ बघितला गेला. छोट्या लीगला छताखाली एकच कॅमेरा, त्यात फक्त पाठी दिसल्या. मग तोच म्हातारा रेफरी काचेपाशी आला आणि फटीतून त्यानं विचारलं, "रवी, यू शुअर?"

इथे सगळं सावरता आलं असतं. अंगठा घसरला असं म्हटलं असतं तर दोन दिवस गाव चिडलं असतं आणि खेळ पुढे चालू झाला असता.

"शुअर," ते म्हणाले.

अंगठ्यानं केली ती चूक होती. हे खोटं होतं. आणि मी? मी गरगर फिरत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी विझवत नव्हतं. हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण मला त्या दिवशी अतोनात आनंद झाला होता.

त्या सप्टेंबरात अरीनात नवे दिवे आले. फॉक्सेसनं मला फळीवर बसवलं, पितळी पट्टीवर 'विजयी गोल, २०१७' असं कोरलं, खाली एक स्विच लावला आणि रविकांतरावांना समारंभात भेट दिलं. कॅरम बोर्ड, ट्रेडमिल आणि गणपतीच्या सजावटीची खोकी यांच्या मधोमध माझी स्थापना झाली.

तेव्हापासून पाहुणे आले की मला लावणं हा शिरस्ता झाला. सर्वांत हौशी मिलिंद. "काका, तो सीन सांगा ना जी एकदा. नवीन फॅमिली आली आहे, रेजिनात मूव्ह झाले लास्ट मंथ." मग रविकांतराव ब्रॅडी कसा आला ते सांगायचे आणि 'काठी मागे नेली' इथवर येऊन थांबायचे. पुढचं मिलिंदच सांगायचा आणि स्विच दाबायचा. लाल उजेडात सगळे टाळ्या वाजवायचे. रविकांतराव तेवढ्यात चहाचं काय झालं ते बघायला वर जायचे.

खाई त्याला खवखवे. हळूहळू त्यांनी मंडळात पंच होणं सोडलं. पाठ दुखते म्हणाले. प्रमोदिनीताईंना ते पटलं नाही, पण त्या वाट बघत राहिल्या.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू होतोय. बुडत्याला काडीचा आधार मिळाला. त्या दिवशी ते बेसमेंटमध्ये येऊन म्हणाले, "प्रमोदिनी, मला वाटतं त्या फायनलला मला नीट दिसलं नव्हतं. तो गोल नसेलही."

ताई खोकी आवरत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "मग ज्याचं नुकसान झालं त्याला सांगून टाका. मला सांगून काय उपयोग?"

त्यांनी थेरियोला पत्र लिहिलं. मोतीबिंदूचं लिहिलं, माफी मागितली. आठ दिवसांत उत्तर आलं. थेरियो आता थंडर बेमध्ये घरोघरी घर तापवायच्या फर्नेस बसवतो. त्यानं लिहिलं होतं, 'डोळे म्हातारे होतात, गुडघेही होतात. तुम्ही लिहिलंत हेच खूप झालं.' रविकांतराव ते पत्र माझ्यासमोर बसून तीन वेळा वाचत होते. शिवी परवडली असती. खोट्या सबबीला मिळालेली खरी माफी गिळणं फार कठीण असतं. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं.

वर्ष गेलं. दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, शनिवारी सकाळी, दारात थेरियो उभा राहिला. त्याच्या मुलीच्या टीमची स्पर्धा रेजिनात होती, पत्ता पत्रावर होता, म्हणून आला. ताईंनी त्याला खाली आणलं, चहा आणि चकल्या दिल्या. तो लंगडत माझ्यापाशी आला आणि पट्टी वाचून म्हणाला, "हाच का तो?"

"हो," रविकांतराव म्हणाले.

थेरियोनं मला लावलं नाही. खुर्चीत बसला. गुडघ्यांबद्दल, थंडीबद्दल, मुलीच्या कोचबद्दल बोलला. मोठा सालस माणूस. मग सहज म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन झालं का?"

रविकांतरावांच्या हातात कप होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"मार्क, माझा डोळा तेव्हा ठीक होता. मोतीबिंदू नंतर निघाला. मी पक यायच्या आधीच बटण दाबलं. मला तो गोल हवा होता. रेफरीनं विचारलं तेव्हाही मला ठाऊक होतं, आणि मी खोटं बोललो."

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत. थेरियोचा चेहरा इतका बदलला की मला वाटलं तो आता मला उपटून जमिनीवर आपटणार. आपटावंच, असंही वाटलं.

"पक माझ्यापर्यंत यायच्या आधी बर्फ लाल झालेला मी पाहिला होता," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी ओरडून ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. माझी बायको म्हणाली, मार्क, हरलेल्या माणसाला असं वाटतं. सोडून दे. मग तुझं पत्र आलं, डोळ्यांचं. तेव्हा मी म्हटलं, म्हणजे तो प्रामाणिकच चुकला, दिवा वेळेवरच लागला असणार, माझंच डोकं फिरलंय. वर्षभर मी स्वतःला वेडा समजतोय, रवी. पराभवापेक्षा ते पत्र वाईट होतं."

"मी काय करू?" रविकांतरावांनी विचारलं.

"मला सांगून काय होणार? मला माहीतच होतं." त्यानं कोट घातला. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." चहा तसाच होता. जाताना त्यानं ताईंना नमस्कार केला, रविकांतरावांशी हात मिळवला नाही.

सोमवारी रविकांतरावांनी लीगला लिहिलं, रेफरीला लिहिलं, फॉक्सेसच्या ऑफिसलाही लिहिलं. लीगचं दोन ओळींचं उत्तर आलं की निकाल कायम आहे, कळवल्याबद्दल आभार. फॉक्सेसनं उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्या रेफरीचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "रवी, मी तुला विचारलं होतं," आणि त्यानं फोन ठेवला.

राहिलं मंडळ. पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तालमीला सगळे खाली जमले होते. मिलिंदचा हात माझ्या स्विचकडे गेला तेव्हा रविकांतराव म्हणाले, "थांब, मिलिंद. लावू नकोस." मग उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. इंग्रजीचा आडोसा घेतला नाही, मोतीबिंदूचाही नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही मला पंच मानलंत. मी त्या लायकीचा राहिलो नाही."

तबलाही थांबला होता. मिलिंदचा चेहरा रडवेला झाला. "काहून सांगितलं काका हे? सगळे खूश होते ना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी होती, मिलिंद. आत दुसऱ्याचं होतं."

त्या दिवशी तालीम झाली नाही. लोक जॅकेट घालून, बूट शोधत, हळू आवाजात बोलत गेले. नंतर काही जण येईनासे झाले. रागानं नाही, काय बोलावं ते सुचत नाही म्हणून. मोदकांच्या स्पर्धेला आता रीतसर गुप्त मतदान होतं.

सगळे गेल्यावर रविकांतरावांनी खालूनच थंडर बेला फोन लावला. स्पीकरवर, ताईंनाही ऐकू यावं म्हणून. ताई शेजारी बसल्या.

"मार्क, मी सगळ्यांना सांगितलं. निकाल बदलत नाहीत ते."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला. "रवी, माझी बायको इथे आली आहे. तू तिला सांग."

रविकांतराव उठून उभे राहिले. फोनवर बोलायला उभं राहायची काही गरज नव्हती.

"मॅडम, मी तिथे गोल जज होतो. तुमच्या नवऱ्यानं बरोबर पाहिलं होतं. दिवा आधी लागला. पक आत गेला नव्हता. मार्कनं तो अडवला होता."

पलीकडून ती बाई फ्रेंचमध्ये हळूच काहीतरी बोलली. ते यांच्यासाठी नव्हतं. पलीकडून फोन ठेवला जाईपर्यंत रविकांतराव तसेच उभे होते.

मला काढून टाकावं असं ताईंना वाटतं. रविकांतराव म्हणतात, राहू दे. मीही म्हणतो, राहू द्या. फक्त एक विनंती आहे. कधी या घरी आलात आणि जिना उतरताना मी दिसलो, तर मला लावू नका. मला 'गोल' हा एकच शब्द बोलता येतो आणि तो मी खोटा बोललो. पट्टीवर काय कोरलंय ते वाचा, आणि शेजारी कुणी असेल तर त्याला सांगा की ते खरं नाही.